काचकाकांच्या आठ नळ्या

१७ जानेवारी, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. काचकाकांनी माझ्या फ्लास्कचे रबरी बूच उजेडात धरून वाकवले. “चाळण केलीस गो,” ते म्हणाले. “किती वेळा सुई मारलीस?” मी वहीत पाहून सांगितले, अकरा.

अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेतले काच फुंकणारे ते शेवटचे कारागीर. गिरणी कामगाराचा मुलगा, घर मालाडला, बोलण्यात मालवण. तडकलेले भांडे कोणी आणले की त्यांचा पहिला प्रश्न असे, धरलं कसं होतं? एकदा माझे मार्गदर्शक सर स्वतः आले, तेव्हा त्यांनाही मुकाट्याने धरून दाखवावे लागले.

माझे काम स्टायरीन या रसायनाचे रेणू जोडून त्यांच्या साखळ्या वाढवण्याचे. एरवी त्या वाटेल तशा वाढतात आणि मरतात, म्हणजे मध्येच वाढायच्या थांबतात. मला त्या एकाच गतीने वाढणाऱ्या, शेवटपर्यंत जिवंत हव्या होत्या, तरच टोकाला दुसरा रेणू जोडता आला असता. त्यांच्या लांबीतली तफावत एका आकड्यात कळते. सगळ्या अगदी सारख्या असतील तर तो एक. माझा १.६ च्या खाली उतरत नव्हता. शुक्रवारपर्यंत १.२ च्या आत आला नाही तर विषय सोडायचा, असे सरांनी बजावले होते. वाढ पाहण्याच्या उत्साहात मी बुचातून नमुने काढत राहिले, आणि भोकांतून शिरणारी हवा साखळ्या मारत राहिली.

मी नवे बूच मागितले. काकांनी दिले नाही. “बूचच नको. आठ बंद नळ्यांत वाटून टाक. तासाला एक फोड, बाकीच्यांना हात लावायचा नाय.”

त्याच शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कोणी येणार नव्हते. मिश्रण भरलेली नळी गोठवायची, हवा ओढून घ्यायची, वितळू द्यायची; असे तीनदा. मग पुन्हा गोठवून ते ज्योतीत तिचा गळा एका वळशात मिटवीत. सात झाल्यावर त्यांनी बर्नर माझ्या हाती दिला. माझी नळी वाकडी मिटली, मी ओशाळले. “वाकडी चालते,” ते म्हणाले, “उघडी चालत नाय.”

शुक्रवारी त्यांच्या निरोपाच्या चहाला माझ्याकडे सात आकडे होते, सातही १.२ च्या आत. सरांनी तिथेच विषय पुढे चालू ठेवायला सांगितले. काका मात्र गळ्यातला हार काढत पुन्हा पुन्हा विचारत होते, तुझी कुठाय? मी मिटवलेली ती आठवी अजून मोजणीच्या यंत्रावर होती. थांबून थांबून अखेर ते निघाले.

साडेचारला निकाल आला. मी जिन्यातूनच त्यांना फोन लावला आणि वहीत लिहिता लिहिता वाचून दाखवले: नळी आठवी, १.०९.