व्याह्यांची पदकं

आमच्या मुलीने लग्नासाठी जर्मन मुलगा निवडला आणि त्याचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले जनरल निघाले. मी इथे सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला जहाजांच्या विम्याचे दावे तपासतो. बुडालेल्या मालाबद्दल कुणी फार गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. मग पोटच्या मुलीच्या बाबतीत गप्प कसा बसणार? पुण्याचं स्थळ असतं तर चार फोन करून घराण्याची कुंडली काढली असती. जर्मनीत माझं कोण बसलंय?

इंटरनेटवर त्यांचा फोटो सापडला, छातीवर पदकांची रांग. सुरुवात रणगाड्यांच्या पलटणीत, मग बाल्कन, अफगाणिस्तान, शेवटी बर्लिनमध्ये खुर्ची. सगळ्यात मोठं पदक कशाबद्दल, ते मात्र कुठेच नाही. मला ते खटकलं. पराक्रम केलेला माणूस तो लपवेल कशाला?

मुलाला घेऊन ते आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटवर जेवायला आले. मी पदकाबद्दल खोदून खोदून विचारत होतो आणि ते दर वेळी अळूवडीचं कौतुक करत होते. मुलीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि असं वागू नका म्हणून सिंगापुरी इंग्रजीत दटावलं.

"बाबा, डोन्ट लाइक दॅट लाह. ही इज अवर गेस्ट."

"पाहुणे आहेत म्हणूनच नीट विचारतोय," मी म्हणालो.

जेवण झाल्यावर मी आपल्या रीतीप्रमाणे हात जोडले. "आमच्या मुलीला सांभाळून घ्या." मुलीच्या बापाने हे म्हणायचं आणि समोरच्याने "काळजी करू नका, आमच्या लेकीसारखीच ठेवू" म्हणून मोकळं व्हायचं. जनरल नुसते बघत राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"एवढंही म्हणवत नाही तुम्हाला?"

"असा शब्द मी एकदा दिला होता," ते सावकाश म्हणाले. "अफगाणिस्तानात माझा एक दुभाषा होता. त्याच्यामुळे आमची तुकडी वेढ्यातून जिवंत सुटली. पदक मला मिळालं. निघताना मी त्याला म्हणालो, तुझ्या बायकामुलांना बाहेर काढीन. वरून परवानगी आली नाही. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. तुमच्या मुलीशी मी चांगलं वागेन. त्यापुढचं वचन मला देता येणार नाही."

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांनी भर मांडवात ते "लेकीसारखीच ठेवू" न अडखळता म्हटलं होतं. वर्षाच्या आत ती अंगावर वळ घेऊन परत आली.

मी मुलीकडे वळून म्हणालो, "तारीख ठरवा."