टपरीवरची तीन बोटं

आरोग्य शिबिरांत मी वर्षानुवर्षं सांगितलं, की तोंडाच्या कर्करोगाचं पोस्टर वाचून मी वेळेत सावध झालो. ते खोटं आहे. सावध केलं एका पानवाल्यानं. त्याचं नावही मी कधी विचारलं नाही.

आरोग्य खात्यात नोकरीला असताना ते पोस्टर मी कोल्हापुरात त्याच्या टपरीवर चिकटवलं आणि तिथंच गुटखा मागितला. तो मिशीत हसला.

"सायेब, आधी तोंडात तीन बोटं उभी घाला. न्हाय गेली तर तपासून घ्या, असं तुमीच चिकटवलंय की!"

दोनच गेली. त्यानं पुडी परत माळेला अडकवली. "आता आधी दवाखाना."

शिव्या देतच गेलो. रोग सुरुवातीलाच सापडला.

उपचारांनंतर आभार मानायला गेलो, तर म्हणाला, "आ करा. अडीच हायत. तोंड उघडायचा व्यायाम सोडू नगासा."

मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडं वळला. "पावणं, तुमी बी घाला."