रेल्वे ओयसाराच्या अंगणातून

ताश्कंदजवळच्या नोकझोर मोहल्ल्यात ओयसाराच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेल्यावर तिनं तंदुरात नान भाजून पोराला वाढवलं. पोरगा शवकत रशियात कझानला बांधकामावर गेला, तरी बाईनं तंदूर काही थंड पडू दिला नाही. अशा बाईची झोप उडवली ती एका लाल खुणेनं.

ताश्कंदहून उपनगरी रेल्वेचा नवा फाटा येणार होता. एक मार्ग मोहल्ल्याच्या मधून, दुसरा कालव्याच्या कडेनं. मोजणीवाले आले नि मधल्या मार्गाची लाल खूण बरोबर तिच्या भिंतीवर मारून गेले. घर पडणार, बदल्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट म्हणे! नवव्या मजल्यावर तंदूर लावायचा कुठं, डोक्यावर?

शवकतनं फोनवर सांगूनच टाकलं, "घरच गेलं तर मी येऊ कुठं, आई? इथंच राहतो मग."

चहाखान्यात सभा भरली. मालक तुर्दीबॉय तावातावानं म्हणाला, "मधूनच येऊ द्या! दारात स्टेशन होईल."

ओयसारा उसळली, "स्टेशन होईल रे, पण दार कुणाचं जाईल? तुझं गिऱ्हाईक वाढावं म्हणून मी घर पाडू?"

"खाला, मावशीसारखी म्हणून सांगतो, चांगल्या कामाच्या आड येऊ नये माणसानं."

"मग तुझ्या चहाखान्यातूनच ने की! गाडी आत शिरली की खिडकीतूनच चहा वीक."

सगळे खो खो हसले. तिला मात्र हसू येईना. शेवटचा शब्द वरच्या साहेबांचा होता.

पुढच्या आठवड्यात रेल्वेचा इंजिनियर मिरअझीझ नकाशाची गुंडाळी घेऊन दारात हजर. शेजारीण झुमरद तिथंच बसली होती. ओयसारानं दस्तरखान, जेवणाची चादर, अंथरला, नान मोडून ठेवली, चहा ओतायला घेतला. पण डोळे त्या गुंडाळीवर! हात आपला ओततोय, ओततोय, पियाला काठोकाठ भरला.

आमच्यात पाहुण्याला घोटभरच चहा देतात, पुन्हा पुन्हा विचारता यावं म्हणून. काठोकाठ दिला म्हणजे उठा, वाट धरा. मिरअझीझ शेजारच्याच गावचा, त्याला कुणी सांगायला नको. त्याचे कान लाल झाले. छातीवर हात ठेवून "येतो, खाला" म्हणाला नि चालू पडला.

"अगं बये, हाकललंस की त्याला!" झुमरद ओरडली.

ओयसारानं पियाल्याकडे पाहिलं नि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तशीच अनवाणी गल्लीत धावली.

"अरे लेकरा, थांब! अल्लाशपथ, मुद्दाम नाही केलं. भीतीनं भानच नव्हतं रे मला!"

मिरअझीझ वळला. आधी फुगलेलाच होता, मग तिचे अनवाणी पाय बघून त्याला हसू फुटलं. "मी तर चांगली बातमी घेऊन आलो होतो, खाला. मधून घरं फार पडत होती. गाडी कालव्याकडनंच जाणार, पक्कं झालं."

"खरं सांगतोस?"

"खोटं सांगायला तुमच्या दारात यायची हिंमत आहे का माझी?"

ओयसारा गल्लीतच मटकन बसली. सुटले बाई, सुटले! मग उठून बाही धरून त्याला घरात ओढत नेलं आणि "पोट फुटेल, खाला" म्हणेपर्यंत खाऊ घातलं.

तो गेल्यावर तिनं कझानला फोन लावला.

"शवकत, घर राहिलं. ये आता."

तो म्हणाला, "उद्याच सुट्टी मागतो. पण आई, मग तू रडतेस कशाला?"

"इतके दिवस भीतीपायी जमलंच नाही रे. आता जरा निवांत रडू दे."