मागच्या प्लॉटवरचा टाकळा

सुकापूरला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकावर डोंगर होता, झाडं होती, एक मोरसुद्धा होता. माझ्या खिडकीतून दिसतात ते समोरच्या बिल्डिंगचे एसी. मग रविवारी निसर्ग गाठायला गाडी काढायची, ट्रॅफिकमध्ये अडकायचं, धबधब्यापाशी गर्दीत उभं राहून मॅगी खायची आणि वैतागून परत यायचं. दोन पावसाळे मी हेच केलं.

तिसऱ्या वर्षी गेटबाहेर भाजी विकणाऱ्या मावशींकडे टाकळा या पावसाळी रानभाजीची जुडी मागितली. मावशी इथल्याच, गावातल्या. त्या म्हणाल्या, "इकत कशाला घेता ताई? तुमच्या बिल्डिंगमागंच उगवलाय. कवळा हाय तवर खुडा."

बिल्डिंगमागे रिकामा प्लॉट आहे हे मला माहीत होतं, पण कचऱ्याची जागा म्हणून. मावशींनी मला नेऊन कोवळे शेंडे कसे खुडायचे ते दाखवलं. त्यानंतर ऑफिसातून आले की मी आधी तिथे जाऊ लागले. अंधारायला लागलं की टाकळ्याची पानं समोरासमोर मिटतात. काही पानांवर अगदी त्याच रंगाच्या हिरव्या अळ्या होत्या. त्यांची पिवळी फुलपाखरं होतात हे मी वाचलं आणि लहान मुलीसारखी वाट पाहू लागले.

एका गुरुवारी गेले तर सगळा टाकळा पिवळा पडून माना टाकलेला. अळ्या कुठेच नव्हत्या.

मी तशीच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले.

"तणनाशक मारलं," ते शांतपणे म्हणाले. "साप निघतात, डास होतात. ग्रुपवर टाकलं होतं ना."

"मी नाही पाहिलं."

"पाहिलंत की. अंगठा दिलाय तुम्ही." त्यांनी मोबाइल पुढे केला. 'परिसर स्वच्छता मोहीम' असा मेसेज, आणि खाली अंगठा देणाऱ्यांत माझं नाव. रोजच्या शंभर मेसेजांत मी तो न वाचताच दिला होता. आता भांडायचं तरी कोणत्या तोंडाने? त्यांच्यापेक्षा माझाच मला जास्त संताप आला.

मावशींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "आता त्यातलं कायबी खाऊ नका."

"तुम्हाला राग नाही येत?"

"आमचं खाचर होतं तिथं, ताई. भात लावायचो आमी. जमीन इकली तवा लय रडले. आता काय रागवायचं?"



पुढच्या मीटिंगमध्ये मी एक कोपरा तरी सोडा म्हणून विनंती केली. बाजूने तीन हात वर झाले, त्यातला एक माझा. दिवाळीनंतर प्लॉटवर डेब्रिज पडलं आणि तिथे गाड्या लागू लागल्या.

यंदा मावशींनी टाकळ्याचं बी दिलं. मी ते खिडकीतल्या कुंडीत पेरलं. रोपं उंच आणि किडकिडीत आली. ऊन पुरत नाही. नवरा म्हणतो, लोक गुलाब लावतात, तू तण लावतेस. गेल्या आठवड्यात खालच्या काकूंनी तक्रार केली की कुंडीतलं पाणी त्यांच्या कपड्यांवर गळतं.

"काढून टाका ना ते. आहे काय त्यात?" त्या म्हणाल्या.

मला खूप काही बोलायचं होतं. पण मी त्यांची कपडे वाळत घालायची वेळ विचारून घेतली आणि कुंडीखाली खोल ताटली ठेवली.