चाकूरचा शिक्का

नील आणि ईरा,

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. या सदराच्या वाचकांनीही वाचलं तर हरकत नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा बाबाकडून वाचून घ्यावं लागेल. तो मध्येच काही गाळत नाही ना, याकडे ईराने लक्ष ठेवावं.

आत्ताच का, तर नील, तू दोनशे किलोमीटरची तुझी पहिली ब्रेव्हे, म्हणजे ती ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी, पूर्ण केलीस आणि मला फोटो पाठवलास. बरं वाटलं. पण त्याखाली तू लिहिलं होतंस – ‘बाबा म्हणतो, आजोबा यात चीटिंग करून बाद झाले होते, हा हा.’ त्या ‘हा हा’वर मी दोन दिवस काही लिहिलं नाही. हे आता लिहिते आहे.

मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अमावास्येला केस धुते. कुणाच्या अंगात आलं, तर आधी ‘जेवलास का?’ असं विचारते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला माझा नेहमीचा प्रश्न असायचा, ‘तू स्वतः पाहिलंस का?’ म्हणून मी स्वतः जे पाहिलं ते, आणि जे दुसऱ्याने सांगितलं ते, वेगवेगळं लिहीन.

आजोबा इथे नांदेडला, विष्णुपुरीत, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. जॉब अर्धा मिलिमीटर चुकला की पोराला परत करायला लावायचे. लेथवर त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. ईरा लहानपणी ते धरून झोपायची. रिटायर झाल्यावर त्यांनी वाकड्या हँडलची, पातळ टायरची सायकल घेतली आणि आमच्या घरात तिसरं माणूस आलं. माझ्या जुन्या सुती साड्यांची फडकी झाली, माझा टूथब्रश चेनसाठी गेला. जुलैत फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत टीव्हीवर लागली की दुपारी आमच्याकडे कुणी यायचं नाही, फोन घ्यायचा नाही. ताटातल्या शेंगदाण्यांनी मला समजवायचे, “हा बघ, हा पुढारी. आणि हे चार त्याचे हमाल. हे मागे टीमच्या गाडीपाशी जाणार, पाण्याच्या बाटल्या घेणार, शर्टात कोंबणार आणि त्याला नेऊन देणार.” मला ते हमालच आवडायचे. गाडीच्या खिडकीतून हात बाहेर येतो, धावत्या सायकलवरचा माणूस बाटली घेतो… ते तर फारच आवडायचं.

हे लक्षात ठेवा. सगळं इथूनच बिघडलं.

आमच्याकडची ब्रेव्हे डिसेंबरात असायची. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत चाकूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. सकाळी सहाला सुटायचं, संध्याकाळी साडेसातच्या आत पोचायचं. प्रत्येकाजवळ एक कार्ड. त्यावर तीन चौकटी – सुरुवात, चाकूर, शेवट. प्रत्येक ठिकाणी वेळ लिहून शिक्का मारून घ्यायचा. चाकूरला शिक्का घेऊन बसायचे जब्बारभाई. त्यांचं नांदेडला सायकलचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. आजोबांची सायकल त्यांच्याशिवाय कुणी उघडायची नाही.

आजोबा दोनदा अर्ध्यातून परतले होते. एकदा गुडघा, एकदा उलट्या. तिसऱ्या वेळी सदुसष्ट पूर्ण होते. मला म्हणाले, “यंदा झालं तर झालं. नंतर नाही.”

त्याच दिवशी मला लातूरला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. गाडी केली होती. रस्ता तोच. मी मुद्दाम धपाटे घेतले आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. अहमदपूरच्या अलीकडे ते दिसले. एकटेच, मान खाली, पाठीवर घामाचा पांढरा नकाशा. मी ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगितली, काच खाली केली आणि हात बाहेर काढून बाटली धरली. अगदी टीव्हीवर दाखवतात तशी.

ते म्हणाले, “नको.”

“नको काय? तोंड बघा कसं झालंय. घ्या!”

“अगं, चालत नाही ते.”

“पाणी चालत नाही? अहो, घ्या म्हणते ना!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाटली घेतली, दोन घोट प्यायले आणि परत दिली. मला वाटलं, आज मी त्यांची टीमची गाडी झाले. चाकूरपर्यंत मी खुशीत होते.

चाकूरला हॉटेलसमोर टेबल टाकून जब्बारभाई बसले होते. पाच-सहा सायकलवाले चहा पीत होते. ब्रेव्हे भरवणाऱ्या सायकल क्लबचे तरुण डॉक्टर मोटरसायकलवरून आले होते. मीही उतरले. तासाभराने आजोबा आले, खिशातून कार्ड काढून जब्बारभाईंसमोर धरलं.

डॉक्टर म्हणाले, “काकू, काका जोरात आहेत बरं का यंदा!”

मी म्हटलं, “असणारच. अहमदपूरला मी गाडीतून पाणी पाजलं ना!”

सगळे गप्प झाले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं.

ब्रेव्हेत बाहेरची मदत चालत नाही, हे तुला माहीत आहे, नील. शिक्क्याच्या ठिकाणी घ्या हवं ते. मधल्या रस्त्यात घरच्या माणसाने पाण्याचा थेंब दिला तरी बाद. मला माहीत नव्हतं. आयुष्यभर पोरांना ‘आधी सूचना वाचा’ म्हणत आले आणि तो एक पानाचा कागद आमच्या फ्रिजवर महिनाभर चिकटवलेला होता.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कॉपी करताना पकडलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. तेच तोंड होतं. ते बोलणार नव्हते. दोन घोट पचवून शिक्का घेणार होते… आयुष्यात एकदाच. आणि मी, सगळ्यांदेखत.

जब्बारभाईंनी शिक्का उचलला होता. म्हणाले, “सर, दोन घोट पानी की तो बात है. कोन देखा?”

“मी बघितलं ना,” आजोबा म्हणाले. त्यांनी कार्ड परत घेतलं, खिशात ठेवलं आणि सायकल फिरवली.

डॉक्टर म्हणाले, “काका, गाडीत बसा आता.” ते बसले नाहीत. उरलेले शंभर किलोमीटर चालवत घरी आले. संध्याकाळी सव्वासहाला पोचले, वेळेच्या सव्वा तास आधी. शेवटच्या ठिकाणी थांबलेच नाहीत.

त्या रात्री घरी मी चुकले, असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, “या वयात पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी एवढा रुसवा शोभतो का?”

ते चेन पुसत होते. म्हणाले, “तुला कळत नाही असं नाही. तू विचारत नाहीस.”

त्यानंतर सायकल भिंतीला टांगली ती खाली आली नाही. बोलणं होतं – भाजी काय, बिल भरलं का. जुलैत शर्यत लागली. ते शेंगदाणे न मांडता एकटे बघायचे. एका दुपारी डोंगराचा टप्पा चालू होता, मी मुद्दाम बाजूला जाऊन बसले. म्हटलं, आज विचारावं, हा पिवळ्या शर्टवाला कोण. विचारलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, अजून राग आहे. मीही फणकाऱ्याने उठून चहा ठेवला. चहा घेऊन आले, तेव्हा कळलं.

तुमचा बाबा पाच दिवसांसाठी आला. जाताना म्हणाला, “आई, ती सायकल देऊन टाक, जागा अडते.” जब्बारभाई घेऊन गेले. कार्ड मी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं. सतरा नंबरचं. त्यावर एकच शिक्का, सुरुवातीचा, चौकोनी. किल्ली माझ्या पर्समध्ये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

पुढच्या डिसेंबरात ब्रेव्हेच्या दिवशी दुपारी बाराला जब्बारभाईंचा चाकूरहून फोन आला.

“भाभी, रागाऊ नका. सर आल्ते.”

“कोण सर?”

“आपले सर. म्या मान खाली घालून शिक्के मारून राहिलो होतो. पाच-सहा जन एकदमच आले. एक कार्ड समोर आलं, सतरा नंबर. शिक्का मारला, टाइम लिहिला, अन् मंग हात बघितला. बोटाचं टोक न्हाई. वर बघेपर्यंत सायकल रोडला लागली होती. पाठ दिसली. भाभी, ती पाठ मला कळत न्हाई का?”

“जब्बारभाई, तुमची थट्टा मला आवडली नाही.”

“खुदा की कसम! सायकल तर माझ्या दुकानात टांगेल हाय, पोराला फोन लावून इचारलं. तितंच हाय. अन् कार्डावर पहिला शिक्का मागल्या सालचा होता. चौकोनी.”

हे झालं ऐकलेलं. आता पाहिलेलं. मी फोन ठेवला, लॉकर उघडला. कार्ड जागेवर होतं. दुसऱ्या चौकटीत शिक्का होता. गोल. वेळ अकरा पन्नास, जब्बारभाईंचं अक्षर. मी बोट लावलं. शाई बोटाला आली.

मी किंचाळले वगैरे नाही. तोंड धुतलं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी केलं, तीच बाटली भरली, कार्ड पर्समध्ये घातलं आणि रिक्षाने शेवटच्या ठिकाणी गेले. ते आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याच्या कडेला होतं. पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. डॉक्टरांनी खुर्ची दिली. मी बसले नाही. टेबलाच्या पलीकडे, शिक्का मारून झाल्यावर माणूस जिथे थांबतो, तिथे उभी राहिले. आता नियम माहीत होता. इथे पाणी चालतं.

मनात एक वाक्य घोकत होते. ते इथे लिहीत नाही, ते तुमच्यासाठी नव्हतं.

चारनंतर सायकली यायला लागल्या. प्रत्येकाचा डावा हात मी पाहिला. पोरं थकून हसत होती. एकाने विचारलं, “आज्जी, कुणाची वाट बघता?” मी म्हटलं, “येईल.” अंधार पडला. लाल-पांढरे दिवे एकेक करत आले. साडेसात वाजले. डॉक्टरांनी टेबल दुमडलं आणि म्हणाले, “काकू, सगळे आले. चला, घरी सोडतो.”

घरी आल्यावर पर्स उघडली. तिसऱ्या चौकटीतही गोल शिक्का होता. डॉक्टरांची सही. वेळ – पाच चाळीस.

पाच चाळीसला मी तिथेच उभी होते. बाटली हातात होती. टेबलापासून चार पावलांवर.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना कार्ड दाखवलं. सही त्यांचीच, पण मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, “काकू, हे गोल शिक्के आम्ही याच आठवड्यात करून घेतले. जुन्याचं रबर फाटलं होतं.” त्यांनी शिक्का कार्डाशेजारी धरला. काठावरची एक बारीक खाच दोन्हीकडे सारखी होती.

मी सगळं तपासलं. जब्बारभाई शंभर किलोमीटरवर होते. लॉकरला दुसरी किल्ली नाही. मला भास झाला म्हणावं, तर शिक्का डॉक्टरांनाही दिसला, तुम्हालाही दिसेल. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि मी आता शोधत नाही.

लोक म्हणतात, गेलेलं माणूस आपल्या माणसासाठी येतं. तसं काही नाही. ते आले, शिक्क्यासाठी आले. दीड किलोमीटरवर घर होतं, चार पावलांवर मी होते.

तर नील, बाबाला सांग, आजोबांनी दोनशे पूर्ण केले, अकरा तास चाळीस मिनिटांत, कुणाचंही पाणी न घेता. कार्डाचा फोटो मी पाठवणार नाही. बघायचं असेल, तर या.

सायकल जब्बारभाईंनी परभणीच्या एका मुलीला दिली. कार्ड लॉकरमध्ये आहे, त्यावर तीन शिक्के आहेत. बाटली स्वयंपाकघरात फळीवर आहे.