काजळीच्या काचेवरची बाई

जुन्या जालन्यातली द्वारकाबाई मोंढ्यातल्या हमालांना दोन्ही वेळ भाकरी करून द्यायची आणि उरलेल्या वेळात थकायची. तिच्याबद्दल गल्लीत जेवढ्या अफवा उठल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या. कबूल करतो, या वयात खोटं बोलायचाही कंटाळा येतो.

तिच्याकडं बहिणीची पोर होती, रजनी. अठ्ठेचाळीसच्या रझाकारांच्या धामधुमीत वाटूरकडच्या त्यांच्या खेड्यात घर पेटलं. आईनं रजनीला दारातून बाहेर ढकललं आणि स्वतः गाईचं दावं सोडायला परत आत गेली. ती आलीच नाही. रजनी तेव्हा अकराची. सोळाची झाली तरी चुलीजवळ फिरकत नव्हती. पाणी आणायची, दळायची. काडी ओढल्याचा आवाज आला की अंगणाच्या टोकाला जाऊन बसायची.

"मी अशी किती दिवस चूल फुंकून राहू?" सुजलेली मनगटं चोळत द्वारकाबाई म्हणे. पण पोरीला चुलीकडं कधी हाक मारली नाही.

मी तेव्हा टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचो. तिथला मच्छिंद्र पेंटर द्वारकाबाईकडून भाकरी घ्यायचा. भाकरीसाठी नव्हे, भाकरीवालीसाठी, असं मी गावभर केलं होतं. खरं तर भाकरी पोचवायला रजनी यायची आणि त्याचं काम बघत बसायची. मध्यंतरात दुकानांच्या जाहिराती पडद्यावर दाखवत, त्या तो काचेवर करायचा. काच रॉकेलच्या चिमणीच्या जाळावर धरून काळी करायची, मग काजळीवर सुईनं कोरायचं. कोरलेलं पडद्यावर पांढरं झळकतं. वर्षभरात सुई रजनीकडं आली. चिमणी मात्र मच्छिंद्रकडं; ती पेटली की पोर दाराबाहेर.

एका गुरुवारी मच्छिंद्रला हिवताप भरला. शुक्रवारी नवा खेळ, आणि गिरिधरशेठच्या लुगड्यांची जाहिरात कोरीच. मी त्याच्या खोलीवर काच न्यायला गेल्तो, तर विझलेल्या चिमणीसमोर रजनी एकटीच काडेपेटी घेऊन बसलेली.

"काडी मी ओढू का गं?"

"थांबा, काका."

तीन काड्या विझल्या. चौथीनं वात धरली. पोरीनं मान फिरवली, पण चिमट्यातली काच जाळावरून हलवली नाही. काच तडकली.

"फिरवत राह्य," गोधडीतून मच्छिंद्र कण्हला. "एका जागी धरली की फुटती."

फिरवायची म्हणजे बघायला लागतं. तिनं बघितलं. दुसरी काच काळीभोर उतरली. मग मला बाहेर घालवलं.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला तिनं मावशीला आणलं. मी दोघींना फुकट सोडलं. मध्यंतरात पडद्यावर एक बाई उभी राहिली. दारात, पदर खोचलेला, दोन्ही हात पुढं रेटलेले. खाली शेठच्या दुकानाचं नाव.

"अरे, ही तर गिऱ्हाइकाला बाहेर ढकलून राह्यली!" शेठ खुर्चीतून ओरडला. सगळं टॉकीज हसलं. सवयीनं मीही.

द्वारकाबाई हसली नाही. "ताई हाय," एवढंच बोलली आणि काच निघेपर्यंत तिनं डोळे पुसले नाहीत.

शेठनं ती काच त्याच दिवशी बंद करायला लावली. शनिवारी सकाळी मी ती परत द्यायला गेलो. चुलीसमोर रजनी बसली होती. तिरपी, अंग मागं, हात तेवढा लांब. तव्यावरची भाकरी एका अंगानं कोळसा. भिंतीशी द्वारकाबाई आडवी झाली होती. भर सकाळी.

"जळाली ना गं?"

"जळाली, मावशे."

"जळू दे. खातील मुकाट्यानं. मला जरा पडू दे."

"काच कुठं ठेवू?" मी विचारलं.

"देवळीत. धुरापासून लांब," रजनी म्हणाली.

मी काच ठेवली. तोवर द्वारकाबाई घोरायला लागली होती. हे मात्र मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही.