हाकणाऱ्याची जागा

जानेवारीतला तिसरा सोमवार, सकाळचे साडेअकरा. बीडमधल्या एका सरकारी कार्यालयाची तळमजल्यावरची खिडकी. अनामत रक्कम वीस हजार रुपये, रोख. हजर माणसे तीन: मी, खिडकीमागचे लिपिक आणि घाटनांदूरहून एसटीने आलेल्या धुरपदामावशी. पैसे आम्ही पाच माजी सैनिकांनी प्रत्येकी चार हजार काढून जमवले होते. तलावावर वल्ह्याच्या बोटींची शर्यत घ्यायची होती, त्याची ही अनामत. अटी पाळल्या तर परत मिळणार होती.

लिपिकांनी मावशींकडे पाहिले. "आजी, निराधारची खिडकी पल्याड हाय."

"मी निराधार न्हाई," मावशी म्हणाल्या. "माज्या पोराच्या शर्यतीचं बघाया आले."

"कुठंय पोरगं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, "नायक सोपान. ड्यूटीवर गेला. अकरा वर्षं झाली."

लिपिकांनी पावती फाडून दिली. मग स्वतः उठून मावशींसाठी खुर्ची आणली.

मी नेकनूरचा. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये अठरा वर्षे काढून हवालदार म्हणून घरी आलो. आमचे काम पूल बांधण्याचे आणि बोटी चालवण्याचे, त्यामुळे रेजिमेंटची वल्ह्याच्या शर्यतीची टीम होती. त्या टीममध्ये बीड जिल्ह्यातले आम्ही दोघे. पहिल्या दिवशी कोच सुभेदारसाहेबांनी गाव विचारले, आम्ही सांगितले. ते म्हणाले, "बीड? वहाँ तो पानी टँकर से आता है." सगळी बरॅक हसली. सोपान म्हणाला, "इसीलिए तो आए हैं, साहब."

सोपान मेंढपाळाच्या घरातला. उंची पाच फूट तीन इंच, वजन सत्तेचाळीस किलो. वल्हे मारायला तो बसलाच नाही. त्याला कॉक्स केले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वल्हे मारणारे चौघे बोट जिकडे जाते तिकडे पाठ करून बसतात. कुठून आलो ते त्यांना दिसते, कुठे चाललो ते दिसत नाही. बोटीच्या शेपटाला पाचवा माणूस बसतो, त्याचे तोंड पुढे असते. तो कॉक्स. सुकाणूची दोरी त्याच्या हातात, हुकूम त्याच्या तोंडात. मी बोटीत पहिल्या जागेवर असायचो, म्हणजे त्याच्या अगदी समोर. सात वर्षे पाण्यावर मी पुढचे पाणी पाहिले नाही, सोपानचे तोंड पाहिले.

कॉक्सचे हुकूम इंग्रजीत असतात. एका शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरवर आम्ही मागे पडत होतो. सोपानला इंग्रजी आठवेना. तो जोरात ओरडला, "हिर्रऽऽ हो! हिर्रऽऽ हो!" काय झाले कळले नाही, पण आमची वल्ही एकदम एका तालात पडू लागली. आम्ही बोटीच्या निम्म्या लांबीने जिंकलो. बक्षीस देताना कमांडिंग ऑफिसर साहेबांनी विचारले, "ये कौन सी भाषा थी?"

"साहब, भेड़ों की," सोपान म्हणाला.

जिंकलेली टीम आपल्या कॉक्सला उचलून पाण्यात टाकते, अशी या खेळात रीत आहे. आम्ही त्याला टाकला. त्या दिवसापासून शेवटच्या दोनशे मीटरला इंग्रजी बंद झाले.

सुट्टीत मी एकदा त्याच्या घरी गेलो होतो. मावशी मेंढ्यांना पाणी दाखवून आल्या होत्या. त्यांनी विचारले, "दत्ता, ह्यो बोटीत करतो तरी काय?"

मी म्हणालो, "बसतो आणि ओरडतो."

"नुसतं बसून वरडायचं? आन् त्याला सरकार पगार देतं?"

सोपान हसून लोळला. म्हणाला, "आये, तुला एकदा दाखवतो. बघशील तवा कळंल."

ते दाखवायचे राहिले.

ऑगस्ट महिना होता. आमच्या कंपनीला सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला पाठवले. नदी गावात शिरली होती. सकाळी सहापासून आमच्या दोन बोटी फेऱ्या मारत होत्या. आमची बोट नंबर दोन. बोटीवर आम्ही तेच चौघे आणि सुकाणूवर सोपान. पाचव्या फेरीत एका शाळेच्या गच्चीवरून नऊ माणसे घेतली. लाइफ जॅकेट आठच उरली होती. सोपानने आपले काढून एका म्हाताऱ्याला घातले.

दहा चाळीसला इंजिनच्या पंख्यात उसाचा पाला आणि एक लुगडे अडकले. इंजिन बंद पडले. मी रेडिओवर कळवले.

"कंट्रोल, बोट दो. इंजिन बंद. चप्पू पर आ रहे हैं. ओव्हर."

"बोट दो, ठीक है. संभलके. आउट."

आम्ही वल्ही लावली आणि सवयीप्रमाणे पुढे पाठ करून बसलो. गल्लीतून पाणी जोरात वाहत होते. वळणावर सोपान ओरडला, "थ्रर्रऽऽ!" मेंढरे थांबवायची ही हाक. बोटीत त्याने ती कधीच दिली नव्हती, पण आम्हाला कळली. आम्ही वल्ही पाण्यात रोवली. बोट थांबली नाही, फक्त हळू झाली.

दोन खांबांमधली टेलिफोनची जाड तार खाली लोंबत होती. बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. आम्हाला ती दिसत नव्हती. सोपान आमच्या खांद्यांना धरत, माणसांमधून पाय टाकत बोटीच्या नाकाकडे धावला. तार त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. बोट तारेखालून पुढे जाऊ लागली आणि तो तार धरून एकेक पाऊल मागे येऊ लागला. आधी बायकामुलांवरून, मग आमच्यावरून. प्रत्येकाच्या डोक्यावरून त्याने ती तार हातभर वर धरून नेली. शेवटी माझ्यावरून. तो परत शेपटाला आला, त्याच्या जागेवर, माझ्यासमोर. तोंड पुढे, हात वर.

तिथे बोट संपली. तार सोडली असती तर ती मागच्या इंजिनात अडकून बोट उलटली असती.

तो ओरडला, "हिर्रऽऽ हो!" आम्ही वल्ही मारली. ती हाक आली की मारायची, एवढेच आमच्या अंगात भिनले होते. बोट त्याच्या पायांखालून निघाली. तो क्षणभर तारेला लटकलेला दिसला. मग तार एकटीच हलत होती.

"कंट्रोल, बोट दो. एक जवान पानी में. ओव्हर."

"सिव्हिलियन कितने? ओव्हर."

"नौ. ओव्हर."

"पहले उन्हें लाओ. बोट एक भेज रहे हैं. आउट."

आम्ही नऊच्या नऊ माणसे काठावर उतरवली. सोपान तिसऱ्या दिवशी उसाच्या फडात सापडला. त्याला घाटनांदूरला घेऊन मी गेलो. मावशींनी एकच विचारले, "त्याला पवता येत व्हतं ना?"

"येत होतं, मावशी."

मी घरी परतल्यावर दर ऑगस्टला त्यांच्याकडे जायचो. दोन वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या, "दत्ता, माजं गुडघं गेलं. आता लई दिवस हिंडणं न्हाई. ते बोटीचं काय ते मला एकदा दाव."

मी त्या दिवशीच्या तिघांना फोन केले. पाचवा आमच्याच टीमचा राखीव गडी, आता पुण्यात मुलांना वल्हे शिकवतो. तो म्हणाला, शिकाऊ मुलांच्या रुंद लाकडी बोटी चार देतो, तीन टीम आणतो, चौथी तुम्ही व्हा. पाण्याची परवानगी तेवढी काढ.

परवानगीला सव्वा वर्ष लागले. तलाव एका खात्याचा, त्यातले मासे सोसायटीचे, काठ ग्रामपंचायतीचा, गर्दी पोलिसांची, बुडणारा आरोग्य खात्याचा. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. बीड जिल्ह्यात बोटींची शर्यत आजवर कोणी मागितलीच नव्हती. एक साहेब म्हणाले, "हवालदारसाहेब, कुस्त्या घ्या, उद्या देतो परवानगी." मासेमारी सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "जाळ्यात वल्हं अडकलं तर?" मी म्हणालो, जाळी आदल्या दिवशी काढू. ते म्हणाले, "मग आमी काय खावं बे, तुमचा शिल्ड?" दोन चहा झाल्यावर त्यांनी सही दिली आणि वर दोन तराफे मदतीला देतो म्हणाले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आदेश हातात आला. अटी अकरा. सातवी अशी: "बोटीवर वल्हे मारणाऱ्याव्यतिरिक्त अन्य कोणतीही व्यक्ती बसवू नये."

मी त्याच खिडकीवर गेलो. "ही अट कुठून आली?"

लिपिक म्हणाले, "आमच्याकडं बोटीचा नमुना न्हाई हो. बैलगाडी शर्यतीचा हाय. त्यात हाय, गाडीवर हाकणाऱ्याशिवाय कोणी बसवू नये. आमी हाकणारा काढून वल्हे मारणारा घातलं. बाकी तसंच ठिवलं."

"साहेब, बोटीत हाकणारा वेगळा असतो. पुढं बघणारा तोच एक असतो."

त्यांनी अट पुन्हा वाचली. चष्मा काढला. "च्यायला," ते हळू म्हणाले. "आता दुरुस्तीला फाइल परत वर जाणार. पंधरा दिवस धरा."

शर्यत रविवारी होती. मंगळवारी कालव्याला पाणी सुटणार होते. मग काठाला फक्त गाळ राहतो. पुढचे वर्ष तलाव भरेल की नाही, सांगता येत नाही, आणि मावशींचे गुडघे थांबणार नव्हते. मी अटींवर सही केली.

रविवारी सकाळी आठला चार बोटी पाण्यात उतरल्या. प्रत्येकीची शेपटाची जागा रिकामी. सुकाणू सरळ ठेवून बांधून टाकले. अंतर सहाशे मीटर, खुणेला रंगवलेले डबे. काठावर तीनचारशे माणसे. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, नवे लुगडे नेसून.

आमची बोट चौथी आली. बोटी चारच होत्या. आमचा अर्धा वेळ वाकडे जाण्यात गेला. जिंकलेली मुले काठावर आली, एकमेकांकडे पाहत उभी राहिली. पाण्यात टाकायला कॉक्स नव्हता. थोड्या वेळाने मुले आपली बोट उचलून निघून गेली.

मावशींच्या हस्ते शिल्ड दिला. माणसे पांगली. मावशी काठी टेकत आमच्या बोटीजवळ आल्या.

"सोपान कुठं बसायचा?"

मी जागा दाखवली.

"एवढुशी?"

"त्याला पुरायची."

"मग आज कावून रिकामी ठिवली?"

मी अट सांगितली, बैलगाडीचा नमुना सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मंजी हाकणाऱ्यालाच काढलं म्हण की," त्या म्हणाल्या. "तरीच. सोडून दिलेल्या मेंढरावानी चाललतात तुमी. बसून नुसतं वरडतो म्हणत व्हते मी. तो हाकत व्हता व्हय."

"हो, मावशी."

"काय म्हणून हाकायचा?"

मी सांगितले. हिर्रऽऽ हो.

त्यांनी बोटीच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ती माजी हाक हाय. त्याच्या बापाची येगळी. दर माणसाची येगळी आसती, मेंढरं आपल्या माणसाची वळखत्यात. ल्हान व्हता तवा माज्यासंगं हिंडायचा."

त्यांनी काठी शेपटाच्या जागेकडे केली. "मला बशीव तितं."

तलावाचा चौकीदार बाजूलाच होता, हातात अटींची प्रत. त्याने मान खाली घातली. "हवालदारसाहेब, मला लिव्हावं लागंल."

"लिही. तुझी ड्यूटी आहे."

"लई वंगाळ वाटतंय."

"लिही रे बाबा."

मावशींना लाइफ जॅकेट घातले, पट्टे मी स्वतः तपासले. चौघांनी धरून त्यांना शेपटाला बसवले. मी माझ्या जागेवर बसलो. अकरा वर्षांनी त्या जागेवर माझ्यासमोर माणूस होते. कपाळ तेच, हनुवटी तीच. त्यांनी आमच्या डोक्यांवरून पुढे पाहिले. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती. आम्ही वल्ही उचलून थांबलो.

पहिल्यांदा आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

"हिर्रऽऽ हो!"

आम्ही चौघांनी वल्ही मारली. बोट सरळ गेली. कोणी कोणाकडे पाहिले नाही. मला मात्र पाहावेच लागत होते, मी समोर होतो. डब्यांच्या शेवटाला मावशी "थ्रर्रऽऽ" म्हणाल्या आणि आम्ही थांबलो.

काठावर उतरताना त्या म्हणाल्या, "पगार बरुबर देत व्हतं सरकार."

एप्रिलमध्ये पत्र आले. अट क्रमांक सातचा भंग झाल्याने अनामत रक्कम रुपये वीस हजार जप्त करून शासनाकडे जमा करण्यात आली आहे. पाचही जणांना मी कळवले. प्रत्येकी चार हजार. कोणी हरकत घेतली नाही. सोबत चौकीदाराच्या अहवालाची प्रत होती, त्याच्या हातची. बोटीवरील अनधिकृत व्यक्ती: एक. नाव: धुरपदाबाई, नायक सोपान यांची आई. काय करत होत्या, या रकान्यात त्याने लिहिले होते: बोट हाकत होत्या.